बाभळीचा सातबारा

आषाढातल्या बुधवारी गंगेवर गेलात तर टाकळ्याच्या जुड्या हमखास दिसतील. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.) पेठ-हरसूलकडून पहाटेच्या गाडीनं आलेल्या बायका गोणपाट अंथरून बसलेल्या असतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, एखादीकडे करटुली. गेल्या पावसाळ्यात मी अशीच एक जुडी घेतली, घरी येऊन निवडायला बसले आणि सवयीनं एक डहाळी भिंगाखाली धरली. त्या दिवशी आमच्याकडे जेवायला तीन वाजले.

भाजीत काही खोट नव्हती. घोळ नावाचा होता. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात टाकळा म्हणजे 'कॅसिया टोरा'. नव्या पुस्तकात 'सेन्ना टोरा'. मोबाईलमधल्या ॲपनं फोटो पाहून सांगितलं, 'सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया'. जुडी एक, नावं तीन, आणि तिघंही आपापल्या जागी ठाम.

रानात झाडं बघत फिरणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते. पहिलं वर्ष मजेत जातं, कारण पुस्तक एकच असतं. दुसऱ्या वर्षी हौसेनं दुसरं पुस्तक घेतलं जातं आणि तिथून डोकेदुखी सुरू होते. मग काही जण शास्त्रीय नावांवर फुलीच मारतात, 'आपलं टाकळा बरं' म्हणतात. काही जण सगळ्यांत नवं पुस्तक खरं धरून मोकळे होतात. मी दोन्ही करून पाहिलंय आणि दोन्हीत तोंडावर पडलेय.

माझे वडील दिंडोरी तालुक्यात तलाठी होते. सकाळी ओट्यावर माणसं भांडणं घेऊन यायची आणि वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "वाद कशाचा आहे? नावाचा, बांधाचा, का गटाचा?" नावाचा वाद म्हणजे जमीन तीच, उताऱ्यावर कोणाचं नाव लागावं एवढाच प्रश्न. बांधाचा वाद म्हणजे एकाचं शेत कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं, हा. आणि गटाचा वाद म्हणजे माणूस चुकून भलत्याच गट नंबरात उभा राहून 'हे माझं' म्हणतोय. वनस्पतींच्या पुस्तकांमधली भांडणंही जवळजवळ सगळी या तिन्हींत बसतात. कुठलं भांडण आहे हे कळणं महत्त्वाचं, कारण तिन्हींचा निकाल तीन वेगळ्या ठिकाणी लागतो. नावाचा लागतो नियमांच्या पुस्तकात, बांधाचा अभ्यासकांच्या मतात, आणि गटाचा आपल्या हातातल्या डहाळीवर.

पुढं जाण्याआधी एक शब्दांची अडचण मिटवून टाकते. शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं आणि मतदार यादीसारखं आडनाव आधी येतं. त्या आडनावाच्या गटाला शाळेच्या पुस्तकात प्रजाती म्हणतात आणि दुसऱ्या शब्दाला जाती. वर्तमानपत्रात मात्र 'दुर्मिळ प्रजाती आढळली' असं छापतात, तेव्हा त्यांना जाती म्हणायचं असतं. म्हणून मी इथं सरळ आडनाव आणि नाव असंच म्हणणार आहे.

आता बाभळीची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या मागं नाल्याकडेला चार जुन्या बाभळी आहेत. काही वर्षांपूर्वी मी आसपासच्या २२ झाडांना पत्र्याच्या पाट्या करून लावल्या. पेंटरकडून पिवळ्यावर काळं लिहून घेतलं, मराठी नाव वर, शास्त्रीय खाली. बाभळीखाली लिहिलं 'अकेशिया निलोटिका'. महिनाभरानं तिसऱ्या मजल्यावरची, बी.एस्सी. करणारी मुलगी जिन्यात भेटली आणि म्हणाली, "काकू, बाभूळ आता अकेशिया नाहीये." मला वाटलं चेष्टा करतेय. बाभूळच अकेशिया नसेल तर मग आहे कोण?

घरी येऊन उतारे काढले. थिओडोर कुक हे व्यवसायानं इंजिनिअर, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागानं निघाला आणि अजूनही आपल्याकडचे अभ्यासक तो उघडतात. त्यात बाभूळ आहे 'अकेशिया अरेबिका'. नंतरच्या पुस्तकांत तीच 'अकेशिया निलोटिका' होते. हा पहिला फेरफार. नाईलकाठच्या बाभळीला लिनियसनं (दोन शब्दांच्या नावांची रीत रूढ करणारा स्वीडिश अभ्यासक) १७५३ मध्ये 'मिमोसा निलोटिका' म्हटलं होतं, आणि अरेबिका हे नाव त्यानंतरचं. दोन्ही झाडं मुळात एकच जात आहेत असं अभ्यासकांचं मत झालं, तेव्हा जुनं नाव वर आलं. नियम साधा आहे: एकाच झाडाला दोन नावं पडली असतील तर जे आधी रीतसर छापलं गेलं ते खरं. ही गणती १ मे १७५३ पासून, म्हणजे लिनियसच्या ग्रंथाच्या मानलेल्या तारखेपासून सुरू होते. त्याआधीचं काहीही धरत नाहीत.

दुसरा फेरफार मात्र साधा नाही. अकेशिया हे आडनाव लावणारी झाडं जगात तेराशेच्या वर होती. डीएनएचा अभ्यास सुरू झाल्यावर दिसलं की हे एक घराणं नाहीच, निदान पाच वेगळी घराणी एका आडनावाखाली राहत होती. म्हणजे वाटणी आलीच. आणि वाटणी झाली की मूळ आडनाव कोणाकडे राहणार? इथं नियम असा की ज्याच्या घरात देवघर, त्याच्याकडे आडनाव. वनस्पतिशास्त्रात प्रत्येक आडनावाला एक 'नमुना' जात बांधलेली असते. तो नमुना ज्या वाटणीत जाईल, नाव तिच्यामागं जातं. अकेशियाचं हे देवघर होतं आपल्या बाभळीकडे.

नियमानं पाहिलं तर बाभूळ अकेशियाच राहायला हवी होती. पण ऑस्ट्रेलियातल्या वाटणीत हजाराच्या आसपास जाती होत्या आणि बाभळीच्या वाटणीत दीडशेच्या आसपास. नियम पाळला असता तर हजार झाडांची नावं बदलावी लागली असती. म्हणून प्रस्ताव आला की देवघरच हलवावं आणि अकेशियाचा नमुना म्हणून एक ऑस्ट्रेलियन जात धरावी. २००५ मध्ये व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेस भरली, तिथं मतदान झालं. निम्म्याहून जास्त मतं प्रस्तावाच्या विरोधात पडली. पण समितीची शिफारस फेटाळायची तर ६० टक्के मतं विरोधात हवी होती आणि तेवढी पडली नाहीत. आफ्रिकेतल्या अभ्यासकांना हे फार लागलं. २०११ मध्ये मेलबर्नच्या काँग्रेसमध्ये निर्णय कायम राहिला. ठिकाण ऑस्ट्रेलिया, हेही लक्षात घ्या.

म्हणजे आज बाभूळ आहे 'व्हाचेलिया निलोटिका'. हिवरसुद्धा व्हाचेलियातच. खैर गेला 'सेनेगालिया' या तिसऱ्या घरात. आणि सामाजिक वनीकरणात, हमरस्त्यांच्या कडेला, कॉलेजांच्या आवारात लावलेली ती ऑस्ट्रेलियन बाभूळ, जिच्या पानांना पान म्हणावं की फुगलेला देठ हाही प्रश्नच, ती मात्र अस्सल अकेशिया. मला अजून हे पचलेलं नाही. पण माझ्या पचण्याशी नियमाचा संबंध नाही. पाटी मी बदलून घेतली, पेंटरनं विचारलं, "मॅडम, मागच्या वेळी चुकलं होतं का?" चुकलं नव्हतं. मागच्या वेळचा उतारा होता तो.

आता पाहा, या सगळ्या गोंधळात नाल्याकडेच्या झाडाच्या एका पानालाही धक्का लागलेला नाही. पिवळी गोंड्यांसारखी फुलं, मण्यांच्या माळेसारखी शेंग, पांढरे काटे. कुकांनी ज्याला अरेबिका म्हटलं तेच हे झाड, याबद्दल कोणाचंच दुमत नाही. म्हणून एका पुस्तकात अरेबिका आणि दुसऱ्यात व्हाचेलिया दिसलं तर घाबरायचं कारण नाही. हा नावाचा वाद. त्याचा निकाल घरबसल्या लागतो. लंडनजवळच्या क्यू उद्यानाची 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' ही यादी २०१७ पासून सगळ्यांना खुली आहे. तिथं कुठलंही जुनं नाव टाका, आजचं नाव आणि वाटेतले सगळे फेरफार खाली ओळीनं मिळतात.

नाव बदलण्याची कारणं दोन-तीनच असतात, पण प्रत्येकाला आपल्याकडचं एखादं उदाहरण आहे. पळस पूर्वी 'ब्यूटिया फ्रोंडोसा' होता. मग लक्षात आलं की लामार्कनं त्याला १७८५ मध्येच, पांगाऱ्याच्या आडनावाखाली घालून का होईना, 'मोनोस्पर्मा' हे नाव दिलं होतं, फ्रोंडोसाच्या आधी. म्हणून आजचा 'ब्यूटिया मोनोस्पर्मा'. भाद्रपदात अंजनेरीचं पठार पिवळं करणारी सोनकी जुन्या पुस्तकांत 'सेनेशिओ ग्राहमी' सापडेल. पण ते नाव त्याच आडनावाच्या दुसऱ्या एका झाडाला आधीच दिलेलं निघालं. एका यादीत एकाच नावाचे दोघं चालत नाहीत, म्हणून सोनकी झाली 'सेनेशिओ बॉम्बेएन्सिस'. पिंपळगावच्या मार्केटात रोज ढिगांनी येणारा टोमॅटो तर फिरून घरी आला: लिनियसनं त्याला वांग्या-बटाट्याच्या आडनावात, सोलॅनममध्ये घातलं, १७६८ मध्ये मिलरनं वेगळं घर करून दिलं आणि डीएनएनं त्याला परत सोलॅनममध्ये आणून बसवलं. त्याच बाजारातली द्राक्षं १७५३ पासून 'व्हायटिस व्हिनिफेरा'च आहेत. इतका स्वच्छ उतारा क्वचित पाहायला मिळतो.

नावापुढं माणसांची नावं छापलेली असतात, तीही वाचायला शिका. बहुतेक जण ती ओलांडून जातात. भारंगीपुढं असतं '(लिनियस) स्टीन आणि मॅबर्ली'. कंसातला मूळ मालक, कंसाबाहेरचे ज्यांनी झाड आजच्या आडनावात नेलं ते. म्हणजे कंस दिसला की समजायचं, इथं फेरफार झालेला आहे, मागचा उतारा काढा. भारंगी कितीतरी वर्षं 'क्लेरोडेंड्रम सेराटम' होती. १९९८ मध्ये ती 'रोथेका सेराटा' झाली. सेराटा हे नाव पानांच्या करवती कडांवरून, ते तेवढं टिकलं.

भारंगीचं कुळही, म्हणजे अनेक आडनावांचा मिळून होणारा मोठा गोतावळाही, बदललं. जुन्या पुस्तकात ती घाणेरीच्या कुळात असते, नव्यात तुळशीच्या. सागाचंही तसंच. तुळशीवृंदावन आणि सागाचा ओंडका एका कुळातले, हे ऐकून आमच्या सुतारानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ते मी विसरणार नाही. लासलगावच्या कांद्याला लिलीच्या कुळातून काढून आता नर्गिसाच्या कुळात बसवलंय. हे ठाऊक नसलं तर नुकसान एवढंच होतं की पुस्तकात झाड सापडत नाही आणि आपण म्हणतो, 'यात भारंगीच नाही.' असते, चाळीस पानं पलीकडे.

बांधाचा वाद याहून अवघड. इथं नियम मदत करत नाहीत, कारण प्रश्नच 'कुठं तोडायचं' हा आहे. सह्याद्रीतली कारवी घ्या. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, त्र्यंबकच्या आणि इगतपुरीच्या डोंगरउतारांवर जांभळा पडदा टाकते, आणि मग मरते. तिचं आडनाव स्ट्रोबिलँथस. १९४४ मध्ये ब्रेमेकॅम्प नावाच्या डच अभ्यासकानं या मोठ्या घराण्याचे पन्नासहून जास्त तुकडे केले आणि आपल्या कारवीला स्वतंत्र आडनाव दिलं: 'कार्व्हिया'. मराठी शब्द थेट लॅटिनमध्ये गेला! पुढच्या अभ्यासकांना हे तुकडे पटले नाहीत, त्यांनी सगळे पुन्हा एकत्र केले, आणि कारवी परत 'स्ट्रोबिलँथस कॅलोसा' झाली. म्हणून काही पुस्तकांत कार्व्हिया, काहींत स्ट्रोबिलँथस. चूक कोणाचीच नाही. घराण्यात फरक किती असला की वेगळं बिऱ्हाड मानायचं, यावर मतं वेगळी. मला कार्व्हिया गेल्याचं वाईट वाटतं, पण ते मराठी माणूस म्हणून.

अंजनेरीवर याचं आणखी जवळचं उदाहरण आहे. तिथं पावसाळ्यात एक नाजूक कंदीलपुष्प फुलतं. त्याला २००६ मध्ये नवीन जात म्हणून नाव मिळालं, 'सेरोपेजिया अंजनेरिका'. नाव ठेवताना एक वाळवलेला नमुना कायमचा नावाला जोडून वनस्पतिसंग्रहालयात ठेवावा लागतो. तो म्हणजे मोजणीचा दगड. उद्या कोणी म्हटलं की ही वेगळी जात नव्हेच, शेजारच्या अमक्या जातीचंच रूप आहे, तर वाद घालणाऱ्याला शेवटी त्या कागदावर चिकटवलेल्या वाळक्या झाडापाशी जावं लागतं. फोटो नाही, आठवण नाही, तो कागद. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि मुंबईला झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम ही आपल्या भागातल्या झाडांची अशी मोठी दप्तरं आहेत. एकदा तरी बघून या. शंभर वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर शाईनं लिहिलेलं गावाचं नाव वाचताना अंगावर काटा येतो.

याच सेरोपेजियाच्या आडनावाचा बांध २०१७ मध्ये सरकवला गेला: शेजारचं ब्रॅकिस्टेल्मा हे पूर्ण आडनाव सेरोपेजियात घेण्याचा प्रस्ताव आला. काहींनी मानला, काहींनी नाही. अशा वेळी हौशी माणसानं काय करायचं? न्यायाधीश व्हायचं नाही. कुठल्या तरी एका यादीमागं जायचं, वहीत तसं लिहायचं, आणि त्याच वहीत अधूनमधून बाजू बदलायची नाही. मी क्यूची यादी धरते. स्थानिक माहितीसाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं १९९१ मध्ये छापलेला नाशिक जिल्ह्याचा ग्रंथ आणि त्यानंतरचे महाराष्ट्राचे खंड. नाव क्यूचं, वर्णन इथलं, असा माझा सरळ हिशोब. क्यूला पेठचा मुरूम माहीत नाही आणि १९९१च्या पुस्तकाला २०१७चा प्रस्ताव.

तिसरा वाद गटाचा, आणि खरी मजा तिथं आहे. टाकळ्याकडे परत येऊ.

कॅसिया की सेन्ना, हा वाद निकालात निघालेला आहे. कॅसिया हे फार मोठं एकत्र कुटुंब होतं. १९८२ मध्ये त्याचे तीन भाग झाले. बहावा कॅसियात राहिला. टाकळा आणि तरवड सेन्नात गेले. गंमत म्हणजे 'सेन्ना टोरा' हे नाव रॉक्सबर्गच्या १८३२च्या ग्रंथातच आहे, म्हणजे नवीन वाटणारं नाव जवळजवळ दोनशे वर्षांचं. पण टोरा की ऑब्ट्युसिफोलिया, हा वेगळाच मामला. लिनियसनं १७५३ मध्ये या दोन्ही जाती वेगळ्या म्हणून नोंदवल्या. मधल्या काळात कित्येक ग्रंथकारांनी दोन्ही एकच धरल्या, मग पुन्हा वेगळ्या मानल्या गेल्या. त्यामुळे एखाद्या जुन्या पुस्तकात 'टोरा' लिहिलेलं असेल तर त्यांना नेमकी कुठली जात दिसली होती हे नुसत्या नावावरून कळत नाही. उताऱ्यावर 'पाटील' लिहिलंय, पण कुठले पाटील?

म्हणून डहाळी. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. मधल्या दांडीवर, जोडीच्या बेचक्यात, एक बारीक उभी खुंटी असते, टाचणीच्या टोकाएवढी, टोकाकडे निमुळती, रंगानं पिवळट-नारिंगी. ही ग्रंथी. नुसत्या डोळ्यांनी धूळ वाटते. दहापट मोठं दाखवणारं भिंग धरलं की एखाद्या छोट्या मेणबत्तीसारखी दिसते. ही खुंटी खालच्या पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही जोड्यांत असेल तर कल टोराकडे. फक्त अगदी खालच्या जोडीत असेल तर ऑब्ट्युसिफोलियाकडे. दुसरी खूण फुलाचा देठ, टोराचा आखूड, दुसऱ्याचा लांब. तिसरी आणि जास्त भरवशाची खूण बियांवर: चकचकीत बीच्या दोन्ही अंगांना एक फिकट पट्टा असतो, तो टोरात रुंद, ऑब्ट्युसिफोलियात दोऱ्यासारखा अरुंद.

माझ्या जुडीत कोवळे शेंडे होते. फूल नाही, बी नाही, फक्त पानं. काही डहाळ्यांवर दोन खुंट्या दिसल्या, काहींवर एक, आणि दोनेक ठिकाणी वरची खुंटी होती की गळून पडली होती हे सांगता येईना. ॲपनं तर यातलं काहीच पाहिलं नव्हतं. ॲप फोटोंवर शिकतं, आणि ज्या मुलखात फोटो काढणारे जास्त तिथली झाडं त्याच्या जास्त ओळखीची. त्याचा अंदाज ऐकावा, पण बसमध्ये शेजारी बसलेल्या गप्पिष्ट माणसाचा ऐकतो तसा.

यात चौथा एक प्रकार डोकावतो, तो बोलीभाषेतल्या नावांचा. एका गावात चार बाळू असतात, तसं. शंखपुष्पी म्हणून विचारलं तर आयुर्वेदाच्या अधिकृत औषधकोशात 'कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस' आहे, जिचं आजचं नाव 'प्रोस्ट्रेटस'. मुरमाड माळावर दिसणाऱ्या, चिमुकल्या निळ्या फुलांच्या विष्णुक्रांतेलाही अनेक जण शंखपुष्पी म्हणतात. केरळात त्याच नावानं गोकर्ण वापरतात. ब्राह्मी म्हणाल तर निदान दोन झाडं हात वर करतात. म्हणून बोलीनाव टिपताना गाव आणि सांगणारी व्यक्ती कुठल्या समाजाची हेही टिपावं. कोकणा बाईचं नाव आणि महादेव कोळी बाईचं नाव एकाच डोंगरावर वेगळं असू शकतं. उलट लोकांची नजर कधी कधी पुस्तकापेक्षा बारीक असते. बाभळीत सरळसोट, सुरूसारखी उभी वाढणारी 'रामकाठी' शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या वेगळी ओळखत आलाय. शास्त्रानं तिला नंतर पोटजातीचा दर्जा दिला. आणि 'वेडी बाभूळ' या नावातच लोकांनी सांगून टाकलंय की ही बाभूळ नव्हे. तिचं प्रोसोपिस हे आडनाव २०२२ मध्ये बदलून नेल्टुमा झालं. लोकांचं नाव तेच राहिलं.

मग माझी रीत काय? वडील पंचनामा करायचे तसा करते. झाडापाशी उभी असतानाच लिहिते: पानं समोरासमोर की एकाआड एक, देठाशी छोटी उपपर्णं आहेत का, तोडल्यावर चीक येतो का, वास कसा, जमीन मुरमाड की काळी, सावली की ऊन, तारीख. फोटो काढताना लोक फुलाच्या तोंडाचा काढतात. मी फुलाच्या पाठीचा, पानाच्या खालच्या बाजूचा आणि फांदीच्या सांध्याचाही काढते, कारण ओळख बहुतेक वेळा तिथंच दडलेली असते. अंजनेरीसारख्या राखीव जागी काहीही उपटत नाही, आणि कंदीलपुष्पाची नेमकी जागा कोणाला सांगतही नाही.

घरी आल्यावर दोन पुस्तकं शेजारी उघडते आणि नावावर बोट ठेवून ते झाकते. फक्त वर्णन वाचते. दोन्ही वर्णनं एकाच झाडाची वाटली तर वाद नावाचा, मग यादीत फेरफार शोधायचा. एका पुस्तकाच्या वर्णनात दुसऱ्याच्या दोन जाती मावत असतील तर वाद बांधाचा. आणि एकही वर्णन माझ्या डहाळीला नीट लागू पडत नसेल तर बहुधा मीच चुकीच्या गटात उभी आहे. हा शेवटचा पर्याय मनात आणायला मला पाच वर्षं लागली. त्या आधी मी प्रत्येक वेळी पुस्तकालाच नावं ठेवायची.

आणि वहीत नावाबरोबर कोणाच्या आधारानं ते लिहिते. 'टोरा' एवढंच लिहिलं तर दहा वर्षांनी मलाच कळणार नाही. 'टोरा, अमक्या पुस्तकातल्या अर्थानं, ग्रंथी दोन, बी पाहिली नाही' असं लिहिलं तर पुढं कोणालाही तपासता येतं. शंका असेल तर आडनावापाशी थांबते. अभ्यासक मंडळीही थांबतात. त्यांच्या नोंदीत आडनाव आणि नाव यांच्यामध्ये 'सी.एफ.' ही दोन अक्षरं दिसली की समजायचं, 'अमक्याशी ताडून पाहा, मी छातीठोकपणे सांगत नाही.' खाण्याच्या बाबतीत तर ही शंका सोडूच नका. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे जहाल विष असतं, आणि फोटोवरून खाण्याजोगा कंद ठरवणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथं बाजारातल्या मावशीचा हात माझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा वर.

टाकळ्याची भाजी आम्ही खाल्लीच, उशिरा का होईना. मार्गशीर्षात मात्र मी हरसूल रस्त्याला, ज्या मावशींकडून जुडी घेतली होती त्यांच्या शेताच्या बांधावर गेले. टाकळा कमरेइतका वाढून वाळला होता, शेंगा हात लागताच तडकत होत्या. तीन झाडांच्या बिया तीन कागदी पुड्यांत घेतल्या. घरी भिंगाखाली पहिल्या पुडीत रुंद पट्टा, स्पष्ट. दुसरीत दोऱ्यासारखा अरुंद, तोही स्पष्ट. दोन्ही जाती एकाच बांधावर, हातभर अंतरानं. मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हा, याचा पाला लवकर निबर होतो," आणि बोट बरोबर दुसऱ्या झाडाकडे. तिसऱ्या पुडीतल्या बिया किडीनं पोखरलेल्या निघाल्या. तिच्यावर मी पेन्सिलनं लिहिलंय: 'सेन्ना. पुढच्या वर्षी बघणे.'